आधी पट्टा, मग आजोबा

सबनीसबाईंनी माझ्यावर पहिला संशय घेतला तो बेसनाच्या लाडवांवरून.

ब्रिस्टलला नोकरी लागून मी त्यांच्या शेजारचं घर भाड्यानं घेतलं, त्याला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. दिवाळी होती. शेजारच्या दारावर ‘डॉ. के. सबनीस’ अशी पाटी वाचून मला कोण आनंद झाला होता. डबा घेऊन गेले, तर दार साखळीपुरतंच उघडलं. फटीतून जाड काचांचा चष्मा आणि बारीक कापलेले पांढरे केस दिसले.

“कोण?”

“मी मेघना. शेजारी राहायला आलेय. दिवाळीचे लाडू आणलेत, मावशी.”

“मावशी कशी? तुझी आई माझी बहीण आहे का?”

“नाही.”

“मग डॉक्टर म्हण, नाहीतर बाई म्हण. लाडू कोणी केले?”

“मीच.”

“सगळे?”

मी हो म्हटलं. तीन दिवसांनी डबा धुऊन-पुसून माझ्या पायरीवर परत आला. आत चिठ्ठी होती. ‘चौदांपैकी नऊ तुझे. पाच विकतचे. त्यांत वेलची नाही, इसेन्स आहे.’

खरंच होतं. माझं थोडं बेसन करपलं होतं, म्हणून लंडनच्या हॅरोहून आलेल्या मैत्रिणीनं आणलेल्या पुड्यातले पाच मी डब्यात मिसळले होते. त्या चिठ्ठीनं मी ओशाळले. पण पुढच्या रविवारी मीच होऊन त्यांचं दार वाजवलं, आणि पुढची सहा वर्षं वाजवत राहिले.

बाई पॅथॉलॉजिस्ट होत्या. पुण्याहून तरुणपणी आल्या आणि इथल्या हॉस्पिटलात निवृत्तीपर्यंत सूक्ष्मदर्शकावर वाकून बसल्या. लग्न केलं नाही. “तीस वर्षं मी चांगल्या दिसणाऱ्या गोष्टीतलं वाईट शोधायचं काम केलं,” त्या म्हणायच्या, “रिटायर झाले म्हणून ते डोळे आता कुठे काढून ठेवू?” गॅसचा मीटर बघायला आलेल्या माणसाला त्या पावसात उभं ठेवून त्याच्या ऑफिसला फोन लावत, आणि तो नंबर त्याच्या कार्डावरचा नाही, स्वतः शोधलेला असे. रिसायकलिंगच्या डब्यात कोणी परका बाटल्या टाकतं अशी शंका आली तेव्हा त्यांनी झाकणाला शिवणकामाचा दोरा बांधून ठेवला होता. दोरा तुटलेला निघाला. कौन्सिलला पत्र गेलं. पुढे कळलं की तो कोल्हा होता. “कोल्हा बाटली टाकत नाही,” एवढंच बाई म्हणाल्या.

या बाईंच्या मागच्या खोलीत जुन्या बंदुकांचे पट्टे होते.

बंदूक एकही नव्हती. सपाट, रुंद खणांच्या कपाटात कागदात गुंडाळलेले पट्टे. काही सुती विणीचे, टोकांना पितळ लावलेले. काही चामड्याचे, घामानं काळे पडलेले. एका खणात पितळी तेलाच्या बाटल्या, नळी साफ करायच्या दोऱ्या, आणि मधल्या बारीक भोकातून नेम धरायचा अशा चकत्या. हे सगळं सैन्यातल्या जुन्या थ्री-नॉट-थ्रीचं, आणि त्याच बंदुका पुढे नेमबाजीच्या क्लबांत गेल्या तेव्हा त्यांना जे काही जोडलं गेलं त्याचं.

“खांद्याला अडकवायचा पट्टा, त्यात एवढं काय बघायचं?” मी एकदा म्हटलं. बाईंनी मला गालिच्यावर पालथं झोपवलं. हातात झाडूचा दांडा दिला. डाव्या दंडाला चामड्याचा पट्टा आवळून त्याचं दुसरं टोक दांड्याला अडकवलं.

“आता हलव.”

दांडा हलेना.

“बंदूक हलते ती माणसामुळे. त्या माणसाला हा धरून ठेवतो. म्हणून नेमबाज बंदूक उसनी देईल, पट्टा नाही देणार.”

त्यांना नेमबाजीच्या क्लबात नेलं ते डोरीननं. डोरीन त्यांच्या लॅबमधली टेक्निशियन. शहराबाहेरच्या एका खेड्यात, चर्चच्या मागच्या लांबट हॉलमध्ये तो क्लब होता. डोरीन तिथली सगळ्यात चांगली नेमबाज, आणि तिचा नवरा ॲलन सेक्रेटरी. बाईंच्या तोंडून ‘मैत्रीण’ हा शब्द मी फक्त डोरीनसाठी ऐकला. मी ब्रिस्टलला येण्याच्या आदल्या वर्षी ती वारली होती. तेव्हा बाई पुण्याला आजारी भावापाशी होत्या, आणि अंत्यविधीला पोचू शकल्या नव्हत्या. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही चहा गाळता गाळता, माझ्याकडे पाठ करून.

संधिवातानं मनगटं गेल्यावर बाईंनी नेमबाजी सोडली आणि पट्टे धरले. पट्टा खरा की नकली ते विचारायला लोक लांबून फोटो पाठवायचे. बाई फोटोला उत्तरच देत नसत, वस्तू आणा म्हणत. जुन्या सामानाच्या जत्रेत त्या मला ड्रायव्हर म्हणून न्यायच्या. टेबलांच्या रांगांतून त्या चालायला लागल्या की विक्रेते गप्प होत. एकानं त्यांच्यापुढे पहिल्या महायुद्धाचा म्हणून एक सुती पट्टा धरला. त्यावर सालाचा शिक्का होता, सरकारी मालावर असतो तो बाण होता, चिखलाचे डागसुद्धा होते. बाईंनी पर्समधून जांभळ्या उजेडाचा छोटा टॉर्च काढला. शिवणीचा दोरा निळसर चमकला. जुना सुती दोरा तसा चमकत नाही, नव्या दोऱ्यातली रसायनं चमकतात.

“सुरेख आहे,” बाई गोड आवाजात म्हणाल्या. “कधी बनवलात?”

त्यांची शिस्त ठरलेली होती. पहिल्यांदा शिवण, मग वीण, मग पितळ कुठे घासलंय ते. शिक्का सगळ्यात शेवटी, कारण खोटं करणारा सगळी मेहनत शिक्क्यावर घेतो. आणि वस्तूबरोबर आलेली गोष्ट तर ऐकायचीच नाही. प्रत्येकाकडे आजोबा असायचे. कोणाचे वाळवंटात लढलेले, कोणाचे कैदेतून पळालेले. आजोबा सुरू झाले की बाई तळहात वर करायच्या.

“आधी पट्टा, मग आजोबा.”

एकदा हॅरोहून एक जोडपं आलं. नवरा इथेच जन्मलेला, फार्मसिस्ट, बाईंशी मराठीतच बोलायचं असं ठरवून आलेला. “हा पट्टा माझा आजोबाची आहे,” त्यानं सांगितलं. “ते इटलीमध्ये होता. वॉरमध्ये. आजीनी ट्रंकमध्ये ठेवली होती.” बाईंचा हात वर गेलाच.

सुती पट्टा, जाडीभरडी वीण. बाईंनी अर्धा तास तो उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाल्या, “हिंदुस्थानात विणलेला आहे. बाणाखाली इंग्रजी ‘आय’ आहे, तो तिकडचा शिक्का. घाईत विणलाय, म्हणजे लढाईच्या दिवसांतला. पट्टा खरा आहे.”

“म्हणजे आजोबाची आहे?”

“ते पट्टा सांगत नाही. असू शकतो.”

त्या मुलाचा चेहरा पडला. त्याला ठाऊक नव्हतं की ‘असू शकतो’ ही बाईंकडून मिळणारी सगळ्यात मोठी शाबासकी होती. पण बाईंनी पट्टा लगेच परत दिला नाही. पितळी टोकाजवळ एक जागा उसवली होती आणि तिथे हिरव्या दोऱ्यानं वेडेवाकडे टाके घातले होते. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. “हे टाके सरकारी नाहीत. घरातले आहेत, गोधडीला घालतात तसे. कोणी सांगितलं तरी हे काढायचे नाहीत. कळलं?”

आता जे सांगायचंय ते.

क्लबाच्या हॉलमध्ये काचेचं एक कपाट होतं. क्लब सुरू करणारा एक कॅप्टन, लढाईवरून परतलेला. त्याचं सगळं सामान त्यात होतं. तेलाची बाटली, नेमाची चकती तिच्या छोट्या पेटीसकट, आणि मधोमध त्याचा चामड्याचा पट्टा. रीत अशी होती की क्लबातल्या सगळ्यात चांगल्या नेमबाजानं तो पट्टा वापरायचा. शेवटची वीस-बावीस वर्षं तो डोरीनच्या दंडावर होता. चामडं पातळ झालं तेव्हा तिनंच तो कपाटात परत ठेवला.

हॉलची इमारत विकायला निघाली, क्लब दुसऱ्या क्लबात मिसळायचं ठरलं आणि कपाट त्या भागातल्या म्युझियमला द्यायचं ठरलं. म्युझियमला यादी हवी होती, प्रत्येक वस्तू अस्सल असल्याच्या सहीसकट. सही अर्थातच बाईंची. एका शनिवारी सकाळी मी त्यांना घेऊन गेले. बाटली झाली, चकती झाली. पट्टा हातात घेतला आणि बाई थांबल्या.

टॉर्च लावला. दोरा चमकला नाही. त्यांनी पट्टा खिडकीपाशी नेला, वास घेतला, वाकवला.

“मेघना, हे चौथं भोक बघ.”

“गोल आहे.”

“गोल आहे. डोरीन वीस वर्षं याच भोकात अडकवून ओढत होती. ते लांबट व्हायला हवं. मी तिच्या शेजारी पडून नेम धरलाय, मला ठाऊक आहे ते कसं होतं.” त्यांनी पट्टा टेबलावर ठेवला. “हा तो पट्टा नाही.”

कपाटाच्या किल्ल्या तिघांकडे होत्या. बाई, ॲलन आणि गॉर्डन. गॉर्डननं जन्मभर घोड्यांची खोगिरं शिवली होती. क्लबातलं सगळं चामडं तोच दुरुस्त करायचा. मोजकं बोलणारा, मोठ्या हातांचा म्हातारा. बाईंनी हॉलमध्येच पडून असलेली स्वतःच्या जुन्या बंदुकीची पिशवी काढली, जी त्यानं शिवली होती, आणि दोन्हींचे टाके शेजारी शेजारी धरले. दोन्हीकडे टाका किंचित डावीकडे झुकलेला.

“हात त्याचाच आहे. खोटा ठेवला आणि खरा नेला.”

“आधी त्यांना विचारा ना, बाई. काही कारण असेल.”

“विचारलं की माणूस गोष्ट सांगतो,” बाई म्हणाल्या, आणि त्याच दुपारी कमिटीच्या सातही जणांना ईमेल गेलं. पट्टा नकली आहे, बनवणारा गॉर्डन आहे, मूळ पट्टा कुठे गेला याची चौकशी व्हावी.

गॉर्डन मंगळवारी हॉलवर आला. आम्ही पाच-सहाजण होतो. त्यानं किल्ली टेबलावर ठेवली. कोणीतरी म्हणालं, “गॉर्डन, काहीतरी बोल.” तो बाईंकडे बघत राहिला, टोपी घातली आणि निघून गेला.

पुढचे आठ दिवस आठवले की मला अजून लाज वाटते. ॲलन कमरेच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होता. त्यानं ईमेल पाहिलंच नव्हतं आणि आजारी माणसाला कशाला, म्हणून कोणी सांगितलंही नव्हतं. मात्र बाकी सगळ्यांना एकाएकी आठवायला लागलं. एकाची तेलाची बाटली मागे हरवली होती. दुसऱ्याच्या पट्ट्याचं बक्कल गॉर्डनकडून बदलून आलं होतं, असं त्याला आता वाटत होतं. चांगली जुनी माणसं ही, पण जो तो आपापल्या घरचे खण उघडून बघत होता. आणि मी? मी गॉर्डनच्या घरावरून गाडी नेताना त्याच्याकडची काचेची नवी खोली, कन्झर्व्हेटरी, पाहिली आणि मनात म्हटलं, हं, पैसा आला कुठून?

नवव्या दिवशी ॲलनचा बाईंना फोन आला. “ताबडतोब ये.”

तो खुर्चीत बसला होता, शेजारी चालायची काठी. आम्हाला बसा म्हणाला नाही.

“पट्टा डोरीनपाशी आहे,” तो म्हणाला.

बाईंना कळलं नाही. मलाही नाही.

“चर्चमागे. तिच्याबरोबर पुरलाय. दंडाला बांधून. मीच बांधला. चौथ्या भोकात.” त्यानं श्वास घेतला. “क्लबाची वस्तू होती. मला अधिकार नव्हता, ठाऊक आहे. कपाट रिकामं दिसू नये म्हणून मी गॉर्डनच्या पाया पडलो. त्यानं दोन महिने खपून तसाच दुसरा शिवला, तोवर पट्टा दुरुस्तीला दिलाय असं मी सांगत राहिलो, आणि त्यानं मला शब्द दिला की कोणाला सांगणार नाही. तू त्याला चोर ठरवलंस, कुमुद. त्यानं तरी शब्द मोडला नाही.”

बाई उभ्याच होत्या. “मला का नाही सांगितलंस?”

“तू पुण्याला होतीस. परत आलीस तेव्हा सांगायचं ठरवलं होतं. मग वाटलं, तू ते कमिटीला लिहून कळवशील.”

परतताना गाडीत सीटबेल्ट लावायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला. अर्धा रस्ता गेल्यावर म्हणाल्या, “पट्टा मी बरोबर ओळखला होता.” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, “बरोबर ओळखला होता गं.” मग डोळ्यांना रुमाल लावला. मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले.

पुढच्या मंगळवारी ॲलननं कमिटीपुढे स्वतःच सगळं सांगितलं. कोणी त्याला शब्दानं बोललं नाही. मग बाई उठल्या. लिहून आणलेला कागद त्यांनी वाचलाच नाही. “मी एका माणसावर चोरीचा आळ घेतला. त्याला एक प्रश्न विचारायची तसदी घेतली नाही. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात ही तुमची चूक, पण पहिली चूक माझी.” गॉर्डन आला नव्हता. म्युझियमच्या यादीत त्यांनी लिहिलं ते मी टाइप केलं. ‘चामड्याचा पट्टा. मूळ पट्ट्याची उत्कृष्ट प्रत, हातशिलाई, बनवणारा गॉर्डन, क्लबाचे सदस्य. मूळ पट्टा शेवटच्या वापरणारीकडे.’ खाली सही.

गॉर्डनला त्यांनी पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं. मग त्या दर गुरुवारी बसनं त्याच्या गावाला जायला लागल्या. मी सोडते म्हटलं तर नको म्हणाल्या. दार वाजवायच्या. तो उघडायचा नाही. दहा मिनिटं पायरीवर थांबून पुढच्या बसनं परत. कन्झर्व्हेटरी कशासाठी होती ते त्या पायरीवरच त्यांना कळलं, शेजारणीकडून. गॉर्डनची नजर जात चालली होती. शिवायला भरपूर उजेड हवा म्हणून मुलानं ती बांधून दिली होती.

“किती गुरुवार झाले?” मी एकदा विचारलं.

“मोजत नाही,” बाई म्हणाल्या. आम्ही दोघींनीही एकमेकींकडे पाहिलं, कारण लाडू मोजणाऱ्या बाईंना ते शोभत नव्हतं.

एका गुरुवारी संध्याकाळी चारच्या सुमारास त्यांचा फोन आला. बस रद्द झाल्या आहेत, न्यायला येशील का? गॉर्डनच्या घरी ये. मागच्या बाजूनं.

माझी एडिनबराची नोकरी तेव्हा पक्की झाली होती आणि घरात खोकी भरून ठेवली होती. पुढच्या सोमवारी मी तिकडे गेले. बाई मार्चमध्ये झोपेतच गेल्या, आणि बर्फामुळे गाड्या बंद असल्यानं मला त्यांच्या अंत्यविधीला पोचता आलं नाही. मधल्या महिन्यांत आमचं फोनवर पुष्कळ बोलणं झालं होतं, पण नीट डोळे भरून त्यांना पाहिलं ते त्या गुरुवारीच.

मी बागेतून मागे गेले. कन्झर्व्हेटरीत सगळे दिवे लावलेले होते. गॉर्डन लाकडी घोडीवर बसून, गुडघ्यांत चामडं धरून आरीनं भोकं पाडत होता, डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त. समोर स्टुलावर बाई. त्यांच्या मांडीवर मेणाचा गोळा होता आणि त्या दोऱ्याला मेण लावत होत्या. संधिवातानं वाकलेल्या बोटांना ते जमत नव्हतं. तरी त्यांनी एक दोरा पुरा केला आणि त्याच्या हातात दिला.

गॉर्डननं तो दोन बोटांत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला. दिव्याजवळ, अगदी डोळ्यांशी नेला. मधेच एका जागी नखानं खरवडलं. मग मान हलवून परत दिला.

“इथे सुटलंय. पुन्हा.”

मी काचेवर टकटक करणार होते, पण हात तसाच राहिला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी तो दोरा घेतला, चष्मा वर सरकवला, आणि निमूटपणे पहिल्या टोकापासून मेण लावायला सुरुवात केली.